नोकरी सांभाळून दुसरी पदवी: शैक्षणिक कर्ज कसं मिळवायचं

पहिली पदवी हातात आहे, नोकरी चालू आहे आणि आता एलएलबी, एमबीए किंवा एमटेक करायचं मनात आहे. अशा वेळी बँकेत गेलात तर गुणांच्या आधी एक प्रश्न येतो: "कोर्स रेग्युलर आहे का?" उत्तर गुळमुळीत आलं की टेबलापलीकडची व्यक्ती सरळ पर्सनल लोनचा अर्ज पुढे सरकवते. त्यामुळे बँकेत जाण्याआधी बरंच काम घरी बसून करावं लागतं, आणि कर्ज मिळणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आधी कोर्सची जात ओळखा

आपण सगळ्यालाच सरसकट 'पार्ट टाइम' म्हणतो. बँक तसं म्हणत नाही. तिच्यासाठी नियमित, अर्धवेळ, ऑनलाइन आणि दूरस्थ हे चार वेगळे प्रकार आहेत, आणि बहुतेक शैक्षणिक कर्ज योजनांच्या नियमांत 'नियमित, पूर्णवेळ' हे शब्द स्पष्ट असतात. म्हणून प्रवेशपत्रावर कोणता शब्द छापलाय ते आधी पाहा. माहितीपुस्तिकेतल्या जाहिरातीवर किंवा फोनवरच्या समुपदेशकावर विसंबू नका.

एलएलबीचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे नोकरदारांची ती आवडती दुसरी पदवी. बार कौन्सिलच्या नियमांत अर्धवेळ किंवा दूरस्थ एलएलबी बसतच नाही. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवावे लागतात आणि हजेरीची अट असते. सकाळच्या सत्राचं लॉ कॉलेज गाठून मग ऑफिसला पळणारे अनेक जण स्वतःला पार्ट टाइम विद्यार्थी समजतात, पण कागदावर ते नियमित विद्यार्थी असतात. कर्जासाठी हे सोयीचंच आहे. बँकेत स्वतःहून 'पार्ट टाइम' हा शब्द काढू नका, कारण तो चुकीचा आहे. मात्र 'घरबसल्या एलएलबी, वकिलीची सनदही मिळेल' असं कोणी सांगत असेल तर कर्जाचा विचार पुढची गोष्ट, आधी तिथून उठा.

अभियांत्रिकीत २०२३ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नोकरदारांसाठी लवचिक वेळेत पदवी आणि पदविका चालवायला परवानगी दिली आहे. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो आणि कामाचं ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतरात असावं लागतं. अभियांत्रिकी पूर्णपणे ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने शिकवायला मात्र परवानगी नाही. व्यवस्थापनात जमनालाल बजाज, वेलिंगकर यांसारख्या मुंबईतल्या संस्थांचे तीन वर्षांचे अर्धवेळ मास्टर्स जुने आणि बँकांच्या ओळखीचे आहेत. ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाचं नाव, तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष या तिन्ही गोष्टी तपासा. विद्यापीठ यादीत आहे पण तुमचा अभ्यासक्रम नाही, असंही होतं.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूमधून बीए, एमए, एमकॉम करणार असाल तर हा लेख इथेच मिटवला तरी चालेल. तिथली फी बहुतेक पगारदारांना दोन-तीन महिन्यांच्या काटकसरीत जमते. तेवढ्यासाठी कर्जाचे कागद गोळा करण्यात अर्थ नाही.

किती घ्यायचं ते आधी ठरवा

पूर्णवेळ विद्यार्थ्याकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे: दरमहा पगार. म्हणून पूर्ण फीचं कर्ज घेण्याची गरज नसते. सत्रानुसार फीचं वेळापत्रक समोर ठेवा आणि प्रत्येक सत्रात पगारातून किती भरता येईल ते लिहा. उरलेल्या रकमेपुरतंच कर्ज मागा. परीक्षा शुल्क, पुस्तकं आणि प्रोजेक्टचा खर्च धरा. परीक्षेच्या काळात बिनपगारी रजा घ्यावी लागणार असेल तर तोही खर्चच आहे, आणि तो हमखास विसरला जातो.

मालकाकडून काही मिळतं का हे एचआरला विचारा. काही कंपन्या फीचा काही भाग परत देतात, पण बदल्यात ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड घेतात. पदवी मिळाली की नोकरी बदलायची हाच बेत असेल, तर हे पैसे न घेतलेले बरे. सरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या.

कोणाच्या दारात जायचं

सरकारी बँकेपासून सुरुवात करा. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःची रक्कम घालावी लागत नाही, त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के घालावी लागते. केंद्राच्या पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंत तारण किंवा जामीनदार न मागता कर्ज देता येतं. सहकर्जदार लागतो. तुमचं लग्न झालं असेल तर नवरा, बायको किंवा सासू-सासरेही चालतात. वडील निवृत्त आहेत म्हणून अडून बसू नका.

अर्धवेळ अभ्यासक्रम असेल तर थेट विचारा: "तुमच्या कोणत्या योजनेत अर्धवेळ कोर्स बसतो?" स्टेट बँकेच्या स्कॉलर लोनमध्ये निवडक संस्थांच्या अर्धवेळ पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाही जागा आहे. तुमची संस्था त्या यादीत असेल तर दुसरीकडे फिरण्याची गरजच उरत नाही. शाखेतल्या प्रत्येकाला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा यादीची प्रत सोबत न्या. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. ऑनलाइन अर्ज केला तरी शाखेत जाऊन पाठपुरावा करावाच लागतो.

पहिल्या पदवीचं कर्ज अजून चालू असेल तर ते लपवू नका, क्रेडिट रिपोर्टमध्ये ते दिसतंच. आदर्श योजनेत पुढच्या शिक्षणासाठी टॉप-अप कर्जाची सोय आहे, म्हणून आधी त्याच बँकेत विचारा. त्या कर्जाचा एखादा हप्ता थकला असेल तर अर्जाआधी भरून टाका.

सरकारी बँकेत जमलं नाही तर क्रेडिला, अवान्से यांसारख्या शिक्षणकर्ज देणाऱ्या एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्तकंपन्या, आहेत. ऑनलाइन आणि अर्धवेळ कोर्सला त्या सहसा लवकर होकार देतात, पण व्याज जास्त लावतात. शिक्षक, बँक कर्मचारी, महापालिका किंवा जिल्हा परिषदेतले कर्मचारी यांच्यासाठी पगारदारांची पतसंस्था हा आपल्याकडचा जुना मार्ग आहे. तिथे कोर्सची जात कोणी विचारत नाही, हप्ता पगारातून कापला जातो. लाख-दीड लाखाची गरज असेल आणि घरात सोनं किंवा मुदत ठेव असेल, तर त्यावरचं कर्ज पर्सनल लोनपेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

अनुदानाबद्दल फार आशा धरू नका. साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, पण तिचा लाभ एकदाच मिळतो: पहिल्या पदवीसाठी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी. बीकॉमनंतर एलएलबी म्हणजे दुसरी पदवी, ती यात बसत नाही. राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, तिथे वयाची अट १७ ते ३० आहे. चौतिसाव्या वर्षी शिकणाऱ्याचा विचार कुठल्याच योजनेत फारसा झालेला नाही, हे खरं.

'नो कॉस्ट ईएमआय' पुढे आला तर

ऑनलाइन पदवीच्या प्रवेशाबरोबर बहुतेकदा एक लिंक येते. त्यावर पॅन आणि आधार भरलं की दहा मिनिटांत फी भरली जाते. ती फीची सवलत नसते, तुमच्या नावावर एखाद्या एनबीएफसीचं कर्ज चढलेलं असतं. उद्या कोर्स आवडला नाही म्हणून सोडला तरी हप्ते चालूच राहतात, कारण विद्यापीठाला पैसे मिळून गेलेले असतात.

व्याज 'फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर, हे विचारा. ३ लाख, १० टक्के फ्लॅट, ३ वर्षं: व्याज ९० हजार आणि हप्ता १०,८३३ रुपये. ऐकायला १० टक्के, पण घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर जवळपास १८ टक्के होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना फक्त त्या एका आकड्यावर करा. हे पत्रक द्यायला कोणी का-कू केलं तर तिथे सही करू नका.

फाइल तयार करा

फाइलमध्ये प्रवेशपत्र, संस्थेच्या लेटरहेडवर वर्षवार फी, बोनाफाईड (तिथले विद्यार्थी असल्याचा दाखला), दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पहिल्या पदवीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, अलीकडच्या पगारपावत्या आणि दोन वर्षांचे फॉर्म १६ किंवा आयटीआर असू द्या. सहकर्जदाराचे उत्पन्नाचे कागदही तेवढेच.

नोकरदार अर्जदाराकडे आणखी दोन कागद मागितले जातात. पहिली पदवी आणि आताचा प्रवेश यांमध्ये दहा वर्षं गेली असतील तर त्याचं स्पष्टीकरण लागतं. अनुभवाची पत्रं जोडली की ते काम बहुतेकदा होतं, काही ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, आणि त्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. त्याचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

एका पानावर साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहून द्या: हा कोर्स का, त्याने कामात काय बदलेल, हप्ता कसा भरणार. कुठल्या नियमात असं पान मागितलेलं नाही, पण अधिकाऱ्याला वरिष्ठांकडे फाइल पाठवताना त्याचा उपयोग होतो.

नकार मिळाला तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज रीतसर दाखल करा, पोच घ्या आणि नकाराचं कारण लेखी मागा. आदर्श योजनेनुसार शैक्षणिक कर्ज नाकारायचं तर शाखेच्या वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. तुम्ही दुसऱ्या भागात राहता एवढ्या कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण 'अर्धवेळ कोर्स योजनेत बसत नाही' हे कारण लेखी आलं असेल आणि ते खरं असेल, तर भांडण्यात वेळ घालवू नका. दुसरी बँक गाठा.

व्याज कधीपासून भरायचं

शैक्षणिक कर्जात कोर्सचा काळ आणि वर एक वर्ष हप्त्याची सूट असते. विद्यार्थ्याला तिची गरज असते. पगारदाराने ती पूर्ण वापरणं मला पटत नाही, आणि आकडा पाहिलात तर तुम्हालाही पटणार नाही.

समजा दर १०.५ टक्के आहे आणि बँकेने तीन वर्षांत दरवर्षी सुरुवातीला एक लाख असे ३ लाख संस्थेला दिले. तीन वर्षं आणि वरचं एक वर्ष काहीच भरलं नाही, तर सरळ व्याजानेच ९४,५०० रुपये साठतात आणि परतफेड ३,९४,५०० वर सुरू होते. पाच वर्षांसाठी हप्ता बसतो साधारण ८,४८० रुपये. तेच व्याज वेळच्या वेळी भरलं असतं, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला ८७५ रुपये, दुसऱ्या वर्षी १,७५० आणि नंतर २,६२५, तर हप्ता झाला असता साधारण ६,४५०. शिवाय शिक्षणाच्या काळात व्याज भरणाऱ्याला व्याजदरात एक टक्का सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. मंजुरीपत्रात ती लिहिलेली आहे का ते पाहा, नसेल तर मागा.

प्राप्तिकराचं गणित

जुन्या करप्रणालीत असाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते. हे आपल्या ओळखीचं ८०ई कलम. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात त्याचा क्रमांक बदलला आहे. रकमेला मर्यादा नाही आणि ती फक्त व्याजावर आहे, मुद्दलावर नाही. बारावीनंतरचं कोणतंही शिक्षण त्यात येतं, पूर्णवेळच असावं अशी अट आता नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर हा लाभ मिळत नाही.

कर्ज बँकेचं, सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं असावं लागतं. पतसंस्था, नातेवाईक किंवा मालक यांच्याकडून घेतलेल्या कर्जाला वजावट नाही. एनबीएफसी निवडताना 'तुम्ही यासाठी अधिसूचित आहात का' हे लेखी विचारा. वजावट व्याज भरायला लागल्याच्या वर्षापासून आठ वर्षंच मिळते. शिकतानाच व्याज सुरू केलंत तर हा काळ तेव्हापासून मोजला जातो. तीन वर्षांचा कोर्स आणि लगेच पाच वर्षांची परतफेड केली तर तो नेमका पुरतो. स्वतःच्या फीवर पूर्वीच्या ८०सी कलमातली वजावट मात्र नाही, ती मुलांच्या फीसाठी आहे.

कर्ज सुरू झाल्यावर

पैसे हप्त्याहप्त्याने थेट संस्थेच्या खात्यात जातात. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि फीची मागणी बँकेत वेळेवर पोचवा, नाहीतर पुढची रक्कम अडकते आणि लेट फी तुमच्या माथी येते. बदली झाली किंवा कोर्स सोडायची वेळ आली तर बँकेला लगेच लेखी कळवा. न उचललेली रक्कम तिथेच थांबवता येते, आणि जेवढी उचलली तेवढ्याचीच परतफेड ठरते.

बोनस आला तर मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर बँकेला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारातलं ते कलम आधी वाचा. शेवटचा हप्ता गेल्यावर ना-देय प्रमाणपत्र घ्या, तारण दिलं असेल तर त्याचे मूळ कागद परत घ्या. महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढून खातं 'बंद' दिसतंय का ते पाहा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.