मॅनेजमेंटची सीट हातात असताना केसीईटी, कॉमेड-के आणि एमएचटी-सीईटी लढवायची का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये खासगी विद्यापीठातली किंवा मॅनेजमेंट कोट्यातली इंजिनिअरिंगची सीट मिळाली की बेळगाव-सीमाभागातल्या घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मिळाले ते धरा. दुसरा म्हणतो, पुण्याचे बघा. ही फी किती, त्यातली परत किती मिळणार आणि कधीपर्यंत, हे दोघांनीही पाहिलेले नसते. केसीईटी ही कर्नाटक सरकारची, कॉमेड-के ही कर्नाटकातल्या खासगी कॉलेजांची आणि एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा; त्या द्यायच्या का, हा वाद थोडा बाजूला ठेवून आधी हातातल्या सीटचे पत्र वाचायला घ्या.

निकालाआधीचे प्रवेशपत्र तात्पुरतेच असते. बी.ई.ला बसण्यासाठी भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, आणि हे मार्क पडल्याशिवाय कोणतेही कॉलेज प्रवेश कायम करू शकत नाही. पत्रात शाखेचे नाव लिहिले आहे का ते पाहा. तोंडी ‘कॉम्प्युटर सायन्स देतो’ आणि पत्रात नुसते ‘बी.ई.’ असेल तर तुमच्या हातात अजून काही नाही. मग पुढच्या हप्त्याची तारीख आणि प्रवेश रद्द केल्यास पैसे परत करण्याचे कलम शोधा. कलमच नसेल तर ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवरचे बोलणे ऑगस्टमध्ये कुणाला आठवत नाही.

पैसे परत मिळण्याचे नियम कॉलेजच्या मर्जीवर नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये, प्रक्रिया शुल्क म्हणून कापता येतात. शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि पुढे शून्य. त्यानंतर यूजीसीने काही वर्षी याहून सवलतीच्या तारखा दिल्या. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त १,००० रुपये कपात असा आदेश होता. तुमच्या वर्षाचे परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहा आणि त्याची प्रत छापून ठेवा. हे सगळे पावती असलेल्या पैशांसाठी आहे. रोख, बिनपावतीचे ‘डोनेशन’ दिले असेल तर ते गेलेच समजा. कर्नाटकात कॅपिटेशन फीवर, म्हणजे अशा डोनेशनवर, १९८४ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ते मागायला जाल तर दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो आणि घेतल्याचे समोरचा कबूल करत नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा: पावतीच्या किती पैशांवर, किती दिवस, ही सीट राखून ठेवता येते? ते कळले की बाकीच्या अर्जांची भीती अर्धी होते.

आता इतर दारे. पुण्याकडे बघण्याआधी त्याच कॉलेजची दुसरी दारे पाहा, कारण आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट राहून जाते. कर्नाटकातल्या बहुतेक खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांत साधारण ४५ टक्के जागा सरकारी कोट्यातून केसीईटीने, ३० टक्के कॉमेड-केने आणि २५ टक्के मॅनेजमेंटने भरल्या जातात. अल्पसंख्याक संस्थांत हे प्रमाण थोडे वेगळे असते. वर्ग तोच, शिक्षक तेच, पदवीही तीच. फी मात्र तीन प्रकारची. गेल्या काही वर्षांत केसीईटीच्या सीटची वार्षिक फी लाखाच्या आसपास आणि कॉमेड-केची दोन ते तीन लाखांच्या घरात राहिली आहे. मॅनेजमेंटची फी शाखेप्रमाणे याच्याही वर जाते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या कॉलेजची मॅनेजमेंट सीट तुम्ही धरून बसला आहात, त्याच कॉलेजची केसीईटी सीट मिळाली तर चार वर्षांत घरातले काही लाख वाचतात. घर सोडावे लागत नाही, बसचा पासही तोच.

केसीईटीची रँक निम्मी परीक्षेवर आणि निम्मी पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, भौतिक, रसायन आणि गणिताच्या मार्कांवर ठरते. परीक्षा १८० मार्कांची, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. कॉमेड-केही १८० प्रश्नांचीच आहे, पण तिथे फक्त परीक्षा मोजतात. पीयूसीचे मार्क चांगले आणि परीक्षेत हात थोडा जड असेल तर केसीईटी तुमच्या बाजूची. उलट असेल तर कॉमेड-के. अर्ज मात्र लवकर बंद होतात: केसीईटीचे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, बाकीच्यांचेही मार्च-एप्रिलच्या आत. सीट मिळाल्याच्या आनंदात ही खिडकी निघून गेली तर पुढचे सगळे गणित वाया जाते. म्हणून केसीईटी आणि कॉमेड-केचे अर्ज भरून ठेवा, परीक्षा द्या. लढायचे की नाही ते निकालानंतर ठरवा.

केसीईटीसाठी पहिली ते बारावीत किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून उत्तीर्ण ही मुख्य अट आहे. बीदर-भालकीकडची जी मुले अकरावी-बारावीला लातूरला जातात, त्यांनी एसएसएलसी (दहावी) कर्नाटकातून केली असेल आणि सात वर्षे भरत असतील तर दार बंद झालेले नाही. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात पहिली ते दहावी दहाही वर्षे शिकलेल्यांना १५ टक्के ग्रामीण आरक्षण मागता येते; शाळा मराठी माध्यमाची असली तरी चालते. कन्नड माध्यमाचे आरक्षण वेगळे, ते आपल्याला लागू नाही. ग्रामीणसाठी मुख्याध्यापकांची सही आणि बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी असलेला दाखला लागतो, आणि बीईओ कार्यालयात मे महिन्यात रांग असते. एप्रिलमध्येच उरकून घ्या. जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) काढल्यावर त्यावरचा आरडी नंबर जपून ठेवा, अर्जात तोच विचारतात.

महाराष्ट्राचे दार सीमाभागातल्या मराठी मुलांना वेगळ्या वाटेने उघडते. एमएचटी-सीईटीनंतरच्या प्रवेशात महाराष्ट्राच्या उमेदवारांचे जे प्रकार आहेत, त्यांतला ‘ई’ प्रकार वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्यांसाठी आहे. वडिलांचे महाराष्ट्राचे डोमिसाइल नसले तरी यातून जाता येते. पण इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, सगळा बेळगाव जिल्हा यात बसत नाही. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे, तेव्हा आपल्या गावाचे नाव यादीत आहे का ते आधी पाहा. दोन, रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच हवेत. छाननीच्या दिवसांत धावपळ करून हे होत नाही. आणखी एक: कर्नाटकात मराठा समाज ३-बी प्रवर्गात येतो, पण ते प्रमाणपत्र महाराष्ट्रात आरक्षण मिळवून देईल असे धरू नका. आकडेमोड खुल्या प्रवर्गाच्या कटऑफवर करा. दाखले नाडकचेरीतून इंग्रजीत मागून घ्या. कोल्हापूर किंवा पुण्याच्या छाननी केंद्रावर कन्नड वाचणारा भेटेलच असे नाही. मार्क्स कार्डावर आडनावाचे स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरे असेल तर तेही आताच दुरुस्त करा.

एमएचटी-सीईटी द्यायची की नाही याला आमची एकच कसोटी आहे. कागदावर अशी दोन-तीन कॉलेजे आणि शाखा लिहा, जिथे सीट मिळाली तर बेळगावची सीट सोडून जालच. सांगलीचे वालचंद कॉम्प्युटरला मिळाले तर जाल? कोल्हापूरला मेकॅनिकल मिळाले तर? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘बघू’ असेल तर ते नाव खोडा. शेजारी खर्च मांडा. पुण्यात हॉस्टेल आणि मेस मिळून महिन्याला १२,००० धरले तर दहा महिन्यांचे १,२०,००० आणि चार वर्षांचे ४,८०,००० होतात. एवढा फरक फीमध्ये वाचत असेल, किंवा कॉलेज खरोखर वरच्या पायरीचे असेल, तरच नाव यादीत राहू द्या. यादीत एकही नाव उरले नाही तर महाराष्ट्राच्या फेऱ्यांत उतरू नका. मुलाला उगाच परीक्षेला बसवून कॉलेजच्या तयारीचे दोन महिने खाऊ नका.

फेऱ्यांमध्ये नेमके काय होते ते माहीत असले पाहिजे. केसीईटीत सीट मिळाल्यावर चार पर्याय असतात: पहिला, सीट घेऊन प्रवेश पूर्ण करणे, दुसरा, सीट ठेवून पुढच्या फेरीत वरचे मागणे, तिसरा, ही सीट सोडून पुढच्या फेरीत जाणे, चौथा, बाहेर पडणे. मॅनेजमेंटची सीट हाताशी असताना बहुतेकांना दुसरा पर्याय सोयीचा असतो. पण पुढच्या फेरीत वरचे कॉलेज मिळाले की आधीची केसीईटी सीट आपोआप जाते, म्हणून नको असलेले कॉलेज ऑप्शन एंट्रीत (पसंतीक्रमात) वर ठेवू नका. मॉक अलॉटमेंट (खऱ्या वाटपाआधीचे नमुना वाटप) आल्यावर क्रम बदलता येतो. ती संधी वापरा, रात्री अकराला घाईत नव्हे. कॉमेड-केमध्येही ‘घ्या आणि थांबा’, ‘घ्या आणि वर मागा’ असेच पर्याय आहेत. महाराष्ट्रात २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागतो. ‘सहज टाकून बघितले’ असे पहिले नाव इथे महागात पडते.

मूळ कागदपत्रे एकच संच असतात, हीच सगळ्यात मोठी अडचण. मॅनेजमेंट सीट देणारे कॉलेज टीसी आणि मार्क्स कार्ड ठेवून घेऊ पाहते. नियमाप्रमाणे मूळ कागद तपासून परत द्यायला हवेत, अडवून ठेवता येत नाहीत. तुम्ही साक्षांकित प्रती द्या. टीसी द्यावीच लागली तर तारखेसह पोच घ्या आणि मार्क्स कार्ड, एसएसएलसी, जातीचा दाखला स्वतःकडे ठेवा. सगळ्याचे स्कॅन फोनमध्येच नव्हे, ईमेलवरही ठेवा.

एमबीबीएससाठी यातले काहीही लागू नाही. तिथे नीट आणि समुपदेशनाशिवाय सीट मिळतच नाही. अभिमत विद्यापीठांच्या जागाही एमसीसीच्या (केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समितीच्या) फेऱ्यांतूनच जातात. ‘आताच पैसे भरा, मेडिकलची सीट पक्की’ म्हणणारा एजंट बेळगावात भेटला काय किंवा हुबळीत, त्याला चहासुद्धा पाजू नका.

दुसरीकडची सीट मिळाली की आधी तिथला प्रवेश आदेश डाउनलोड करा, फी भरून कॉलेजला हजर व्हा, आणि मगच पहिल्या कॉलेजला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या. अर्जात नाव, अर्ज क्रमांक, पावती क्रमांक, भरलेली रक्कम, बँक खाते आणि परताव्याच्या परिपत्रकाचा उल्लेख हवा. एक प्रत हाताने देऊन शिक्का घ्या, दुसरी त्याच दिवशी ईमेलने प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या कुलसचिवांना पाठवा. परताव्याची तारीख या अर्जापासून मोजली जाते. केसीईटीत त्याच कॉलेजची सीट मिळाली असेल तरी हा अर्ज द्यावाच लागतो, कारण एकाच विद्यार्थ्याचे नाव दोन कोट्यांत राहिले तर विद्यापीठाच्या नोंदणीत अडकते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि शिक्क्याची प्रत व पावती तिथे जोडा.