एपिसोड लांबवायचा का? असं तपासा
आधी 'ट्वायलाइट झोन' बघा, दर एपिसोडला वेगळी गूढ गोष्ट सांगणारी अर्ध्या तासाची जुनी अमेरिकन टीव्ही सिरीज, १९६३ ला चौथ्या सीझनमध्ये तासाभराची केली आणि पाचव्यात परत अर्ध्या तासावर आणली. दोन्ही प्रकारचे दोन-दोन एपिसोड बघून मग आपली गोष्ट एका वाक्यात लिहून काढा. सगळी मजा शेवटच्या धक्क्यात असेल तर वेळ अजिबात वाढवू नका, प्रेक्षक मधेच शेवट ओळखतो आणि पुढचं सगळं नुसतं ताणल्यासारखं वाटतं. पण माणूस हळूहळू बदलत असेल, जसं चौथ्या सीझनच्या 'मिनिएचर' या एपिसोडमध्ये म्युझियममधल्या बाहुलीत जीव गुंतलेला तो एकटा माणूस (रॉबर्ट ड्युव्हॉल, काय काम केलंय!), तिथे तास द्याच. एखादा सीन काढून बघा, काहीच अडलं नाही तर तो भरतीचा.