स्वस्त प्लेअरवर मराठी ई-बुक: पैसे देण्याआधी ही फाइल उघडून बघा

खोक्यावर ‘ई-बुक’ छापलेलं असतं, पण स्वस्त एमपी४ प्लेअरमध्ये त्याचा अर्थ बहुतेक वेळा नुसती टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची फाइल. त्यातही इंग्रजी छान दिसतं आणि मराठीच्या जागी चौकोन येतात.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी घरीच तयारी करा:

१. नोटपॅडमध्ये ‘किल्ला, विश्वास, क्षत्रिय, कुऱ्हाड’ लिहा. खाली एखादं मोठं प्रकरण चिकटवा. सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा, म्हणजे मराठी अक्षरं नीट साठतात.

२. ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मायक्रोएसडी कार्डवर टाका. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. त्याहून मोठं कार्ड असे प्लेअर पुष्कळदा ओळखतच नाहीत.

३. दुकानात “दादा, कार्ड घालून बघतो” म्हणा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान गाठा, तिथे दुकानांना तोटा नाही. ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते का? ‘विश्वास’चा ‘श्व’ जोडलेला आहे का? पाय मोडलेला ‘श्’ आणि शेजारी सुटा ‘व’ असं दिसलं तर ठेवून द्या. चार ओळींतच डोकं उठतं.

४. मधलं पान उघडून प्लेअर बंद-चालू करा. परत पहिल्या पानावर आला तर कादंबरी वाचणं विसरा.

एक सांभाळा: जुन्या मराठी पीडीएफ पुष्कळदा युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, नसतात. अशांतला मजकूर टीएक्सटीत घेतला की बहुधा नुसती रोमन अक्षरांची खिचडी मिळते, आणि त्यात बिचाऱ्या प्लेअरचा दोष नसतो.