जुन्या बांधीव धुराड्याला लाकडाचा स्टोव्ह जोडताना

बेळगाव कॅम्पातले जुने बंगले घ्या, नाहीतर खानापूरकडची जांभ्या दगडाची घरं; बांधीव धुराडी अजून काही ठिकाणी उभी आहेत. बरीचशी बंदच. खाली तोंडाला पत्रा ठोकलेला, वर पाखरांचं बिऱ्हाड. डिसेंबरात थंडी अंगात शिरायला लागली की घरात बेत ठरतो, लोखंडी बंद स्टोव्ह आणायचा आणि त्याचा पाइप त्या धुराड्यात खुपसायचा. ‘घाला पाइप आत, जातोय की धूर वर’ असं म्हणणारा मिस्त्रीही लगेच भेटतो. त्याचं ऐकू नका.

जुनं धुराडं उघड्या जाळासाठी बांधलेलं असतं. उघड्या जाळाबरोबर खोलीतली हवाही भसाभस वर जाते, म्हणून पोकळी मोठी ठेवलेली असते. बंद स्टोव्ह हवा मोजून घेतो आणि धूरही थोडाच सोडतो. सहा इंची पाइपाचं तोंड साधारण 28 चौरस इंचांचं, आणि 14 बाय 14 इंचांच्या धुराड्याची पोकळी 196 चौरस इंच, म्हणजे सातपट. एवढ्या जागेत धूर रेंगाळतो, गार पडतो आणि विटांवर डांबरासारखी चिकट काजळी धरते. ती कधी पेटली तर आतलं तापमान हजार अंशांच्या पुढं जाऊ शकतं, आणि लगतचे वासे पेट घेतात. उपाय एकच: स्टोव्हपासून धुराड्याच्या शेंड्यापर्यंत सलग स्टीलचा पाइप.

आधी धुराडं तपासा

वरचं घरटं, पोळं काढून धुराडं घासून घ्या. खालून आरसा धरला की पोकळी सरळ आहे का, कुठं वीट निसटलीय का, ते दिसतं. मग विटांच्या दरजा, म्हणजे सांध्यांतला चुना, बघा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सांध्यात टेकवून हलकेच ओढायचं. चुना भुगा होऊन गळायला लागला, तर तेवढा खरवडून नव्यानं भरावा लागेल, आणि तोही चुन्यानंच. मऊ जुन्या विटेला कडक सिमेंट भरलं की ओल सांध्यातून न निघता विटेतून निघते आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

यानंतर माळ्यावर चढा. हे काम लोक हटकून टाळतात. जुन्या घरांत तुळई किंवा वासा थेट धुराड्याच्या भिंतीत टेकवलेला सापडू शकतो. तसं असेल तर आधी सुताराकडून लाकूड मागं घ्यायचं आणि आधार दुसरीकडं द्यायचा. त्याआधी पाइपाचा विचारसुद्धा करू नका.

शेवटी खाली ओलसर गवताचा धूर करून वरचं तोंड गोणपाटानं झाका आणि घरभर फिरून धूर कुठून झिरपतोय ते पाहा. आपलं एक धुराडं दुसऱ्या खोलीच्या चुलीलाही जोडलेलं असेल, तर ती जोडणी विटा लावून बुजवा. एका पाइपाला एकच स्टोव्ह.

पाइप

व्यास स्टोव्हच्या तोंडाइतकाच. 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील उत्तम, 304 चालेल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, तापल्यावर त्याचा धूर बाधतो. सिमेंटचा जुना पाइपही नको. बेळगावकरांचं एक बरं आहे, उद्यमबागेत फाउंड्र्या आणि फॅब्रिकेशनवाले आहेत. पाइप वळवून मिळेल आणि भट्टीला लागणारं सिरॅमिक ब्लँकेटही विचारता येईल. ते इंचभर जाडीचं पाइपाभोवती गुंडाळून तारेनं बांधा. धूर गरम राहतो, ओढ चांगली लागते. ब्लँकेट कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

जोड देताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत बसवा, म्हणजे ओघळणारं डांबर पाइपाच्या आतच राहील. उलटं बसवलं तर ते सांध्यातून बाहेर येतं.

पाइप दोन्ही टोकांना आवळू नका. वीस फुटी स्टेनलेस पाइप तीनशे अंशांनी तापला की सव्वा इंचाच्या आसपास वाढतो. एक टोक पक्कं करा, दुसऱ्याला सरकायला जागा ठेवा. तळाशी टी, म्हणजे T आकाराचा जोड, आणि तिला उघडता येणारं झाकण द्या, काजळी तिथूनच काढायची आहे. स्टोव्हपासून टीपर्यंतचा आडवा पाइप शक्य तितका आखूड, आणि फुटामागं पाव इंच चढता. धुराड्याचं खालचं रुंद तोंड पाइपाभोवती पत्र्यानं बंद करा, नाहीतर खोलीची ऊब तिथूनच वर जाईल.

वरचं टोक आणि पाऊस

छपरातून बाहेर पडतं तिथून पाइपाचं टोक किमान तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं किंवा शेजारची भिंत, त्याच्याही दोन फूट वर. वर टोपी आणि जाळी. जाळी फार बारीक घेऊ नका, काजळीनं चोंदते.

जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, पण धुराडं आणि कौलं यांच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी नीट बसली नाही तर पाणी उभ्या भिंतीनं स्वयंपाकघरात उतरतं. पट्टीची वरची कड विटांच्या सांध्यात खाचून घालायची. नुसतं सिमेंट थापलेलं एक-दोन पावसाळ्यांत सुटतं. कॅम्पात घर असेल, तर बांधकाम बदलण्याआधी कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी विचारून घ्या.

पेटवताना

स्टोव्हच्या आसपास तीन फूट लाकूड, पडदे, कपड्यांची दोरी काही नको. समोर दीड फूट तरी फरशी हवी. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा; हा वायू वासानं कळत नाही.

पावसाळाभर धुराडं थंड आणि दमट असतं, त्यामुळं पहिल्या दिवशी धूर उलटा येतो. टीचं झाकण उघडून दोन वर्तमानपत्रांचे बोळे जाळा, झाकण पक्कं लावा आणि मग जाळ घाला. जळण वाळकंच हवं. दोन फाटी एकमेकांवर आपटल्या की ठणठण वाजल्या पाहिजेत आणि टोकांना भेगा दिसल्या पाहिजेत. पावसात भिजलेलं ऐन किंवा निलगिरी घातलीत, तर काजळी आठवड्यातच जाणवेल. हवेची झडप रात्रभर बंद ठेवून जाळ कोंडायची सवयही तशीच.

हंगामात मधूनमधून झाकण उघडून बघा. काजळी तीन मिलिमीटर जाड झाली की ब्रश घाला. पाइपातून वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज आला तर आत आग लागली आहे असं समजा: स्टोव्हच्या झडपा बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा, 112 लावा. वरून पाणी ओतू नका, तापलेलं बांधकाम तडकतं.