रासायनिक समीकरण आधी हातांनी जुळवा

समीकरण संतुलित करताना मुलं आकडे जुळवतात, अणू त्यांच्या डोळ्यांपुढे नसतात. म्हणून पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली बिनदिक्कत २ लिहून मोकळी होतात. मातीचे गोळे हातात आले की ही सवय लवकर सुटते.

मिथेनच्या ज्वलनापासून सुरुवात करा. तिघा-चौघांच्या गटाला न सुकणाऱ्या रंगीत मातीचे १ काळा (कार्बन), ४ पांढरे (हायड्रोजन) आणि फक्त २ लाल (ऑक्सिजन) गोळे द्या. काळे-लाल साधारण २ सेंमी, पांढरे त्याहून लहान. बंधांसाठी टूथपिकचे अर्धे तुकडे. नियम फळ्यावर लिहा: कार्बनला ४ काड्या, ऑक्सिजनला २, हायड्रोजनला १.

मिथेनमध्ये तीन काड्या तिपाईच्या पायांसारख्या खाली आणि चौथी सरळ वर टोचायला सांगा. कोन १०९.५ अंशांच्या जवळपास येतो. वहीतल्या सपाट फुलीचा गैरसमज इथेच निघतो.

दोन लाल गोळे दोन काड्यांनी जोडले की ऑक्सिजनचा रेणू होतो. आता मिथेन आणि ऑक्सिजन हे दोन्ही रेणू मोडायचे आणि त्याच गोळ्यांतून कार्बन डायऑक्साइड व पाणी बनवायचं. कार्बन डायऑक्साइड होतो, चार पांढरे गोळे उरतात. मुलं लाल गोळा मागतील. सुटा देऊ नका, जोडीच द्या, कारण ऑक्सिजन रेणूरूपात येतो. ऑक्सिजनपुढचा २ असा त्यांना स्वतःला सापडतो. पाण्याला आणखी एक लाल गोळा जोडणाऱ्याला तो जोडू द्या; काड्यांचा हिशेब बसेल, पण तयार होईल हायड्रोजन पेरॉक्साइड, वेगळाच पदार्थ.

शेवटी काड्या मोजा: आधी ८, नंतरही ८. मग उष्णता आली कुठून? नवे बंध जुन्यांपेक्षा मजबूत असतात म्हणून. हा प्रश्न जरूर विचारा, त्यावरची चर्चा फार मोलाची असते.

उत्पादितं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, वेगळ्या मातीतून आयती बनवू दिली, तर सगळा खटाटोप वाया जातो. माती हाताच्या उबेनं मऊ पडून भोकं सैल होतात. गोळा पुन्हा वळून घ्या. रंग ही फक्त खूण आहे आणि ज्वलनात सगळे अणू असे एकदम सुटे होत नाहीत, हेही स्पष्ट सांगा. प्रतिकृती हिशेब दाखवते, अभिक्रियेची वाट नाही.

मग वस्तुमान प्रत्यक्ष तोलून दाखवा. शीतपेयाच्या १ लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीत ३० मिली व्हिनेगर घ्या. अरुंद प्लॅस्टिक नळीत १ ग्रॅम खाण्याचा सोडा भरून ती हलकेच आत तिरपी उभी करा. झाकण घट्ट लावून वजन घ्या, बाटली आडवी करून सोडा भिजवा, फेस बसल्यावर पुन्हा तोला. आकडा तोच राहतो. झाकण उघडल्यावर तो काही दशांश ग्रॅमनी उतरतो, म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. सोडा वाढवू नका आणि काचेची बाटली वापरू नका, आत दाब चढतो.

झाकणाऐवजी फुगा लावण्याचा मोह टाळा. फुगलेल्या फुग्याला हवेची उत्प्लावकता वर ढकलते, काटा कमी वजन दाखवतो आणि मुलांना वाटतं वस्तुमान हरवलं.