वाळवीला दाद न देणारे लाकूड निवडताना या चुका टाळा

सागवान वापरूनही चौकट पोखरली गेली, तर दोष बहुधा झाडाच्या जातीचा नसतो, ओंडक्याचा कोणता भाग वापरला गेला याचा असतो. खोडाच्या गाभ्यातील गडद लाकडात झाड स्वतःच कीडरोधक द्रव्ये साठवते. सागातील टेक्टोक्विनोन हे त्यांपैकी एक. सालीलगतच्या फिकट लाकडात ही द्रव्ये जवळजवळ नसतात आणि ते कोणत्याही जातीचे असले तरी वाळवी त्याला सोडत नाही. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात असे लाकूड प्रमाणाने अधिक निघते, म्हणून प्रत्येक नगाची टोके आणि कडा उजेडात पाहून फिकट पट्टा असलेले नग बाजूला काढावेत. आधीच रंगवलेले लाकूड घेऊच नये, कारण त्यात हा पट्टा दिसत नाही.

जड आणि कठीण लाकूड आपोआप टिकते, हा समजही घातक आहे. कठीणपणाने वाळवीचे काम मंदावते, पण खरे संरक्षण गाभ्यातील द्रव्यांचेच असते.

पाइनसारखे मऊ लाकूड दाबाखाली रासायनिक प्रक्रिया करून घेतले, तर ते उत्तम काम देते. मात्र औषध सहसा आतपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे जागेवर कापलेल्या टोकांना आणि पाडलेल्या भोकांना पुन्हा औषध लावावेच लागते. बोरॉनयुक्त औषध पाण्यात विरघळते. ते छपराखालच्या कोरड्या लाकडासाठी योग्य, पावसात भिजणाऱ्या खांबासाठी नव्हे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे खांब थेट मातीत रोवणे. तो काँक्रीटच्या बैठकीवर, धातूच्या पायात बसवावा, म्हणजे वाळवीला वर चढायचे झाल्यास उघड्यावर मातीची नळी बांधावी लागते आणि ती वेळीच नजरेस पडते. अशी नळी दिसल्यावर ती केवळ झाडून टाकणे निरुपयोगी आहे. ती जमिनीत कोठे उतरते ते शोधून तेथे उपचार करावा आणि गळका नळ किंवा तुंबलेली पन्हळ दुरुस्त करावी.

नळी कोठेच नाही, पण लाकडाखाली सहा बाजूंचे बारीक कोरडे दाणे साचत असतील, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी होय. तिला जमिनीची गरज नसते, त्यामुळे मातीतील औषधाचा तिच्यावर परिणाम होत नाही. बाधित लाकडावरच उपचार करावा लागतो किंवा ते बदलावे लागते.