गावचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) सुधारायचंय? मग आधी औषधांचं रजिस्टर उघडा

आरोग्य व्यवस्था सुधारली पाहिजे असं सगळेच म्हणतात आणि मग गप्पा थेट दिल्लीच्या बजेटवर जातात. बजेट वाढायलाच हवं, त्यात वाद नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, आणि २०२१-२२ च्या सरकारच्याच हिशोबात तो १.८४ टक्के निघाला, म्हणजे कोविडचा काळ असूनसुद्धा. त्याच हिशोबात देशात आरोग्यावर झालेल्या शंभर रुपयांतले ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून घातलेले. पण जो पैसा आणि जी यंत्रणा आज आहे ती आपल्या गावापर्यंत पोचते का, हे बघायला मंत्रालयात जावं लागत नाही. आमच्या पीएचसीच्या रोगी कल्याण समितीवर पाच वर्षं बसून जे शिकलो तेच लिहितोय.

सुरुवात एका औषधापासून करा, सगळं एकदम धरू नका. आम्ही सर्पदंशाच्या लसीपासून (म्हणजे विष उतरवणाऱ्या इंजेक्शनपासून) केली, कारण भात लावणीच्या दिवसांत आमच्याकडे एका माणसाला साप चावला, पीएचसीत आणला आणि तिथून पुढे ग्रामीण रुग्णालयात पाठवला. माणूस वाचला, पण मधला पाऊण तास सगळ्यांच्या जिवाला घोर. दुसऱ्या दिवशी जाऊन स्टॉक रजिस्टर मागितलं. आवक, जावक, शिल्लक असे रकाने, आणि शिल्लकमध्ये लिहिलेलं ४. म्हणजे कागदावर औषध आहे! फार्मासिस्टना विचारलं तेव्हा कळलं की विष चढलेल्या एका पेशंटला सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल (छोट्या बाटल्या) लागतात, मग चारचा उपयोग काय? तेव्हापासून मी "औषध आहे का" असं विचारतच नाही, "एका पेशंटला पुरेल एवढं आहे का, आणि शेवटचं मागणीपत्र कधी गेलं" असं विचारतो. मागणीपत्राची कार्बन कॉपी फाईलला होती, डॉक्टरांनी दोनदा मागणी केलेली, माल जिल्ह्याच्या स्टोअरला अडकलेला. म्हणजे आम्ही ज्यांच्यावर चिडलो होतो त्यांचा दोषच नव्हता.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपली निम्मी ताकद चुकीच्या माणसाशी भांडण्यात जाते. पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे वर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र सिव्हिल सर्जनच्या हाताखाली, आणि मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल तर वेगळ्याच खात्याचं. पेशंट एकच असतो पण त्याच्या प्रवासात तीन मालक बदलतात, आणि रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे पीएचसीला कुणी कळवत नाही. म्हणून अर्ज लिहिताना आधी ठरवा तो कुणाच्या टेबलावर जायला हवा, आणि एक प्रत दुसऱ्या बाजूलाही द्या. मला विचाराल तर आपल्या कारभारातली सगळ्यात मोठी दुखरी जागा ही फाटाफूट आहे, पैशाच्या तुटवड्याहूनही मोठी.

आता पैसा. राष्ट्रीय आरोग्य अभियान २००५ साली ग्रामीण भागासाठी सुरू झालं, आज त्यात आपल्यासारख्या राज्यांत दर शंभरात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० रुपये असतात. त्यातून पीएचसीला वर्षाला साधारण पावणेदोन लाखांचा मोकळा निधी, आरोग्यवर्धिनी (जास्त सेवा देणारं केंद्र) झालेल्या उपकेंद्राला साधारण ५० हजार आणि गावाच्या आरोग्य-पोषण-स्वच्छता समितीला १० हजार असा हिशोब असतो, मागच्या खर्चाप्रमाणे कमीजास्त होतो. मोकळा म्हणजे वर न विचारता समितीने ठरवून खर्च करायचा. आणि इथेच गाडी अडते, मार्च उजाडला तरी पैसा खात्यात पडून, कारण मीटिंगच झाली नाही, ठरावच नाही, मग उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा खर्च झाल्याचा दाखला) जात नाही आणि पुढचा हप्ता अडकतो. पैसा नाही म्हणून ओरडणाऱ्या गावात पैसा पडून असलेला मी स्वतः पासबुकात बघितलाय! म्हणून मागायचे कागद तीनच: बँक पासबुकाची झेरॉक्स, मागच्या चार मीटिंगांचं इतिवृत्त आणि उपयोगिता प्रमाणपत्र. आधी तोंडी मागा, प्रेमाने मागा, बहुतेक वेळा मिळतात. नाही मिळाले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

कुठल्या मीटिंगला जायचं तेही सांगतो. पीएचसीला रोगी कल्याण समिती, तिचे सचिव मेडिकल ऑफिसर. उपकेंद्राला जन आरोग्य समिती, तिथे अध्यक्ष सरपंच आणि सचिव सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी). ही तर घरचीच समिती, इथून सुरुवात सोपी जाते. आमच्या बाजूच्या उपकेंद्रात नर्सताई मुक्कामी राहत नाहीत अशी गावाची तक्रार होती, रोज शिव्या. एकदा समिती क्वार्टरला जाऊन आली तर नळाला पाणी नाही आणि संडासाचं दार मोडकं, तिथे कोणाची लेक राहील? ग्रामपंचायतीने पाइपलाइन दिली, समितीने दार बसवलं, ताई राहायला आल्या आणि रात्रीच्या बाळंतपणासाठी जीप शोधत फिरायचं थांबलं. तीन महिन्यांची कटकट होती ती, दोन ठरावांत संपली. मोठी कामं, इमारत वगैरे, ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायला लावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी ठेवले होते, त्यातलं आपल्या तालुक्यात काय आलं हे विचारायचा हक्क आहे आपला.

सेवा बघताना भिंतीवरची यादी वाचा. पीएचसीत १७२ प्रकारची औषधं आणि ६३ तपासण्या असाव्यात असं केंद्राचं मानक आहे, उपकेंद्रात १०५ आणि १४. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे, तरी कुणी बाहेरून आणायला चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी फेकू नका, फोटो काढून ठेवा. अशा वीस चिठ्ठ्या जमल्या की मीटिंगमध्ये कुणाला आवाज चढवावा लागत नाही.

तरीही हललं नाही तर जनसुनवाई घ्या. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं (लोकांनीच दवाखान्यांवर लक्ष ठेवायचं) काम झालं, पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आधी, त्यातल्या जनसुनवाईत गावकरी अनुभव सांगायचे आणि अधिकारी तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. फक्त एक पाळा, आशाताई आणि नर्सताईंना आरोपीसारखं उभं करू नका, त्यांनाच व्यवस्थेच्या अडचणी सांगायला लावा, सगळ्यात पक्की माहिती त्यांच्याकडेच असते.

औषधखरेदीचा घोळ मात्र गावात सुटत नाही, तो राज्यानेच सोडवायचा. तामिळनाडूने १९९५ पासून औषधांसाठी स्वतंत्र महामंडळ चालवलं, प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं, त्यातल्या रकमेएवढी औषधं गोदामातून उचलायची, आणि माल वाटण्याआधी तपासणी. आपल्याकडे २०२३ साली खरेदी प्राधिकरणाचा कायदा झालाय, तर आपल्या आमदारांना अधिवेशनाआधी हाच प्रश्न लेखी द्या: आमच्या पीएचसीने मागितलेलं औषध किती दिवसांत पोचलं? तारखा तुमच्याकडे असतीलच, मागणीपत्राच्या कार्बन कॉपीवर.

आमच्या रजिस्टरवर आता पेन्सिलीने एक ओळ लिहिलीय, सर्पदंश लस २० च्या खाली आली की त्याच दिवशी मागणी, आणि मे महिन्याच्या मीटिंगला ते पान सगळ्यांसमोर उघडायचं.